बहिरं इंजिन आणि साचलेलं पाणी

बॉनेटखाली : लेखांक 14

मागच्या लेखांकात आपण ऑक्सिजन सेन्सर पाहिला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत बसून तो जळून गेलेल्या वायूत किती प्राणवायू उरला हे मोजतो. आज त्याच्याहून साधा, पण बदलायला कितीतरी किचकट असा भाग घेऊ : नॉक सेन्सर. अंगठ्याएवढा धातूचा तुकडा, त्याला एक वायर, आत एक स्फटिक. फिरणारं, झिजणारं काही नाही. तरीही काही गाड्यांमध्ये तो वेळेआधी मरतो आणि नवा बसवला तरी पुन्हा मरतो. असं का होतं, हेच आजच्या लेखाचं काम.

उदाहरण म्हणून अमेरिकेतली एक व्हॅन घेतली आहे : शेव्हरोले एक्सप्रेस, साधारण 2003 ते 2007 मधली, 5.3 लिटरचं आठ सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन असलेली. मिझुरी राज्यातल्या वेन्ट्झव्हिल इथे ती तयार होते. तिथले प्लंबर, वायरमन, शाळा, हॉटेलं सगळे ती वापरतात. आपल्या रस्त्यांवर ही व्हॅन दिसत नाही, पण नॉक सेन्सरबद्दल जे जे समजून घ्यायचं ते सगळं या एका इंजिनात एकाच जागी सापडतं. शिवाय तिची रचना आपल्या ओळखीची आहे. ओम्नी आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. एक्सप्रेसचंही निम्मं इंजिन बॉनेटखाली आणि निम्मं चालकाच्या पायाशी, केबिनमध्ये घुसलेलं असतं.

लक्षणं अशी. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. गाडी बंद पडत नाही, मिसिंग मारत नाही, धूरही सोडत नाही. फक्त पिकअप पडलेला असतो. भरलेली गाडी चढावर दम सोडते, पेट्रोल जास्त पिते. स्कॅनर लावला की पी-0327 किंवा पी-0332 असा कोड येतो. पहिला पुढच्या नॉक सेन्सरचा, दुसरा मागच्याचा. या इंजिनात बहुतेक वेळा मागचाच आधी जातो. का, ते पुढे येईलच.

नॉकिंग कशाने होतं

आधी तो सेन्सर ऐकतो काय, ते पाहू. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधीच ठिणगी पडते. ज्योत प्लगपासून सुरू होते आणि सिलिंडरच्या कडेकडे पसरत जाते. हे जळणं वेगवान असलं तरी शिस्तीत चालतं. मात्र ज्योत पोचायच्या आत कडेचं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतकं तापलं की ते आपोआप पेटलं, तर सगळं एकदम जळतं. दाबाची लाट सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहते. तोच नॉकिंगचा आवाज. वरच्या गिअरमध्ये चढ दामटताना जी कोरडी खडखड ऐकू येते, ती हीच.

या आवाजाचा स्वर मुख्यतः सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. एक्सप्रेसच्या 5.3 लिटर इंजिनाचा बोअर 96 मिलिमीटर आहे. त्यात दाबाची लाट सेकंदाला सुमारे साडेपाच ते सहा हजार वेळा हेलकावते. मारुतीच्या 1.2 लिटर के-सिरीज इंजिनाचा बोअर 73 मिलिमीटर, म्हणून तिथे हा आकडा सात-साडेसात हजारांच्या घरात जातो. सिलिंडर लहान तसा स्वर चढा. सेन्सरला आणि कॉम्प्युटरला नेमकं कोणत्या स्वराकडे लक्ष द्यायचं, ते या हिशोबावरून ठरवलेलं असतं.

नुकसान आवाजाने होत नाही, त्यामागच्या लाटेने होतं. जळत्या वायूचं तापमान पिस्टनच्या धातूला सहज वितळवेल इतकं असतं. पिस्टन टिकतो याचं एक कारण म्हणजे धातूला चिकटून असलेला थंड वायूचा पातळ थर. नॉकिंगची लाट हा थर खरवडून काढते. मग पिस्टनच्या डोक्यावर खळगे पडतात, रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गास्केट फुटतं. अधूनमधून हलकं नॉकिंग इंजिन सहन करतं. जोरदार नॉकिंग लोडखाली चालू राहिलं, तर इंजिन खोलायची वेळ येते.

शिसं गेलं, सेन्सर आला

नॉकिंगवरचा पहिला मोठा उपाय पेट्रोलमध्ये शोधला गेला. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना डिसेंबर 1921 मध्ये टेट्राएथिल लेड सापडलं. शिशाचं हे संयुग चिमूटभर घातलं तरी नॉकिंग थांबायचं. त्याच्या जोरावर पुढची पन्नासेक वर्षं इंजिनांचं कॉम्प्रेशन वाढत गेलं आणि शिसं हवेत पसरत गेलं. 1975 च्या सुमाराला अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशाने ते निकामी होत असल्यामुळे शिसंविरहित पेट्रोल आणणं भाग पडलं. भारतात शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं आणि अल्जीरियाने 2021 मध्ये ते थांबवल्यावर जगभरातल्या गाड्यांमधून ते संपलं.

शिसं गेल्यावर इंजिनवाल्यांपुढे दोन रस्ते होते. कॉम्प्रेशन आणि ठिणगीची वेळ दोन्ही कायमची मवाळ ठेवायची आणि ताकद गमवायची, किंवा इंजिनला स्वतःचं नॉकिंग ऐकायला शिकवायचं. दुसऱ्या रस्त्यावरचं पहिलं ठळक पाऊल 1978 मधलं. ब्युइकच्या टर्बो व्ही-6 इंजिनावर नॉकिंग ओळखणारा सेन्सर बसवला गेला आणि तो बोलला की ठिणगी आपोआप मागे सरकू लागली. स्वीडनच्या साब कंपनीत पेर गिलब्रँड यांच्या कल्पनेतून आलेल्या व्यवस्थेने पुढे सेन्सरच्या सांगण्यावरून टर्बोचा दाबही कमी-जास्त करून दाखवला. आज साध्या हॅचबॅकमध्येही हा सेन्सर असतो.

त्याच्या आतला स्फटिक पिझोइलेक्ट्रिक जातीचा असतो. दाबला, हादरला की तो वीज निर्माण करतो. हा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवून दिला होता. सेन्सर इंजिनच्या ब्लॉकवर घट्ट बसलेला असतो. ब्लॉक थरथरला की स्फटिकात बारीकसा व्होल्टेज तयार होतो आणि तो वायरीतून कॉम्प्युटरकडे जातो.

पण इंजिनात आवाज काय एकच असतो? व्हॉल्व्ह आपटतात, इंजेक्टर टिकटिकतात, पिस्टन सिलिंडरला घासतो. म्हणून कॉम्प्युटर सतत ऐकत बसत नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडून गेल्यावर क्रँकच्या ज्या ठरावीक अंशांत नॉकिंग होऊ शकतं, तेवढ्याच खिडकीत तो कान देतो. त्या वेळी कोणत्या सिलिंडरची पाळी आहे हे त्याला ठाऊक असतं. नॉकिंग ऐकू आलं की तो ठिणगी काही अंश उशिरा पाडतो, मग हळूहळू पहिल्या जागी आणून पाहतो. पुन्हा आवाज आला, पुन्हा मागे. अशा रीतीने इंजिन कायम आपल्या मर्यादेच्या अगदी काठावरून चालतं आणि त्याच काठावर ते सगळ्यात जास्त काम करतं.

सेन्सर गेला की कॉम्प्युटरला काठ कुठे आहे ते कळत नाही. मग तो सावध होतो आणि ठिणगी सरसकट उशिरा पाडतो. इंजिन सुरक्षित राहतं, पण जळण्यातली बरीच उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेन्सरकडे निघून जाते. पडलेला पिकअप आणि वाढलेलं पेट्रोल यांचं कारण हे.

दरीतली जागा

आता एक्सप्रेसकडे. व्ही-8 इंजिनात चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे कललेले असतात आणि मधे व्हीच्या आकाराची दरी राहते. या पिढीच्या इंजिनात दोन्ही नॉक सेन्सर त्या दरीत, एक पुढे आणि एक मागे, ब्लॉकमध्ये उभे बसवलेले आहेत. वरून इनटेक मॅनिफोल्डचं झाकण.

आवाजाच्या दृष्टीने जागा उत्तम आहे. दोन्ही बाजूंचे सिलिंडर सारख्या अंतरावर, मधे सलग धातू, रस्त्यावरचे दगड-चिखल तिथे पोचत नाहीत. अडचण वरून येते. पावसाचं किंवा गाडी धुतानाचं पाणी पुढच्या काचेच्या खालून झिरपत इंजिनच्या मागच्या भागावर पडतं. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत इंजिन मागच्या बाजूला थोडं कललेलं असतं, म्हणून पाणीही मागेच जमतं. सेन्सर ज्या खोलगट जागेत बसतो तिच्यावर रबराचं बूच असतं, पण दरीतल्या उष्णतेने रबर कडक होतं, कडा उचलल्या जातात. पाणी आत शिरतं, इंजिन तापल्यावर वाफ होते, गंज मागे राहतो. असं अनेक पावसाळ्यांत होत गेलं की पितळी टोकाला हिरवट थर चढतो, सेन्सरचं अंग गंजून फुगतं आणि सिग्नल क्षीण होतो. कॉम्प्युटर म्हणतो : सर्किटमधला व्होल्टेज कमी. तोच पी-0332.

ही गोष्ट इतक्या गाड्यांमध्ये दिसली की कंपनीने दुरुस्तीच्या सूचनेत मागच्या सेन्सरभोवती सिलिकॉनचा बांध घालायला सांगितलं. 2007 च्या सुमारास आलेल्या पुढच्या पिढीत तर सेन्सर दरीतून काढून ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूंना नेले. काम तेच. जागा बदलली आणि दुखणं संपलं.

पाना हातात घेण्याआधी

कोड आला की लगेच सेन्सर मागवायचा, ही घाई टाळा. कोड सर्किटबद्दल बोलतो. सर्किटमध्ये सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, कॉम्प्युटरही आहे. म्हणून मॅनिफोल्ड न उचलता वरच्या कपलरपाशी मल्टिमीटर लावा आणि दोन्ही सेन्सरांचा रोध मोजून पाहा. दोन्ही सेन्सर एकाच जातीचे असल्याने आकडे जवळपास सारखे यायला हवेत आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळायला हवेत. एक जुळला आणि दुसरा भलताच आला, तर रोगी सापडला. दोन्ही ठीक असतील, तर दोष कपलरपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या वायरीत शोधा. दरीत उष्णतेने वायरीचं आवरण तडकतं आणि उंदरांनाही वायरी आवडतात.

दुसरी तपासणी उलट्या दिशेची. सर्किट ठीक असूनही इंजिन खरोखरच नॉक करत असेल, तर नवा सेन्सर काही करणार नाही. तो आपलं काम चोख करतोय. मग कार्बन जमलाय का, इंजिन जास्त तापतंय का, पेट्रोल योग्य ऑक्टेनचं आहे का, हे बघावं लागतं. अमेरिकेतल्या पंपावरचा 87 आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं मिळालेलं 91 ऑक्टेनचं साधं पेट्रोल यांत वाटतो तेवढा फरक नाही. मोजायची पद्धत वेगळी आहे. ते दोन चाचण्यांची सरासरी छापतात, आपण फक्त एका चाचणीचा आकडा. या व्हॅनच्या 9.5 कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ते साधं पेट्रोल पुरतं. महागडं पेट्रोल ओतून नॉक सेन्सरचा कोड जात नाही.

सैल ब्रॅकेट किंवा कशाला तरी आपटणारी सायलेन्सरची नळीही ब्लॉकला हादरे देते आणि सेन्सर तेही इमानाने ऐकतो. तेवढं एकदा हलवून बघावं.

उतरवणं

काम थंड इंजिनवरच करायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. इंधनाच्या लाइनमध्ये चार बारच्या आसपास दाब असतो, तो आधी काढायचा. पेट्रोलची वाफ, गरम धातू आणि ठिणगी यांची गाठ पडू द्यायची नाही. अग्निशामक हाताशी असावा.

पुढचं अर्धं काम बॉनेटमधून आणि अर्धं केबिनमधून. दोन्ही पुढच्या सीटांमधलं मोठं कव्हर काढलं की इंजिनचा मागचा भाग समोर येतो. तिथले मेकॅनिक त्या कव्हरला डॉगहाउस म्हणतात. ते काढल्याशिवाय मागच्या पाइप-कपलरांपर्यंत हात नीट पोचत नाही. नंतर एअर फिल्टरकडून येणारा पाइप, थ्रॉटल बॉडीचा कपलर, इंजेक्टरांचे आठ कपलर, मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाचा मॅप सेन्सर, ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप, पेट्रोलच्या वाफेचा पाइप, इंधनाची लाइन. इंधनाच्या लाइनला झटपट सुटणारा जोड असतो. तो सोडायला स्वस्तातलं प्लॅस्टिकचं हत्यार मिळतं. पकडीने ओढाओढ केली, तर पेट्रोलची गळती विकत घ्याल. प्रत्येक कपलरवर पट्टी चिकटवून खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा.

मॅनिफोल्ड दहा बोल्टांवर असतो, बोल्टांचं डोकं 8 मिलिमीटरचं. बोल्ट सैल करण्याआधी एक गोष्ट न चुकता करायची : मॅनिफोल्डभोवतीची सगळी धूळ, वाळू, पानं व्हॅक्यूमने ओढून काढायची. हेडमधली तोंडं आता उघडी पडणार आहेत. त्यात एक खडा गेला, तर या छोट्या कामाचं इंजिन ओव्हरहॉल होतं. मॅनिफोल्ड इंजेक्टरांसकट उचलून बाजूला ठेवा आणि आठही तोंडं लगेच स्वच्छ फडक्यांनी किंवा टेपने बंद करा. किती फडकी भरली ते मोजून ठेवा, म्हणजे तेवढीच बाहेर येतील.

आता दरी समोर आहे. मागच्या सेन्सरवरचं बूच उचला आणि टॉर्चच्या उजेडात नीट बघा. पाणी, चिखल, गंज जे काही दिसेल तो या प्रकरणाचा खरा पुरावा आहे. तो पुसून टाकण्याआधी पाणी कोणत्या बाजूने आलं याची ओघळ शोधा. काचेखालच्या पन्हळीचं छिद्र तुंबलंय का, तिथलं रबर फाटलंय का, तेही बघून घ्या.

मग खोलगट जागेतली घाण ओढून घ्या, गंजावर भिनणारं तेल मारा, थोडा वेळ जाऊ द्या. 22 मिलिमीटरचा लांब सॉकेट सरळ उभा बसवायचा आणि सावकाश ताकद लावायची. खूप गंजलेला सेन्सर एकदम फिरत नाही. थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा थोडा सैल, असा तो काढावा लागतो. घाई केली, तर वरचा भाग तुटून हातात येतो.

बसवणं : ऐकू येईल असं

कामाचा गाभा इथे आहे. सेन्सरला आवाज फक्त धातूतून येतो. म्हणून तो जिथे टेकतो ती जागा धातूपर्यंत स्वच्छ असली पाहिजे. गंज, जुना रंग, तेल, वाळू काही नको. आटे ब्रशने साफ करा, हवा मारा. आट्यांवर टेफ्लॉनची टेप किंवा सिलिकॉन लावायचं नाही. मधे मऊ थर आला की आवाज मंदावतो. शिवाय या एका वायरीच्या सेन्सरला परतीचा विजेचा रस्ता ब्लॉकमधूनच मिळतो. टेप लावून तोच अडवला जाईल.

नंतर टॉर्क. या इंजिनासाठी आकडा आहे 20 न्यूटन-मीटर, म्हणजे फार नाही. कमी कसला, तर सेन्सर ब्लॉकशी एकजीव होत नाही आणि नॉकिंग पुसट ऐकू येतं. जास्त कसला, तर स्फटिकाच्या घराला ताण बसतो आणि नवा सेन्सर बसवतानाच बिघडू शकतो. आपल्याकडे "हाताच्या अंदाजाने" कसायची सवय आहे आणि अनुभवी हाताचा अंदाज बहुतेक बोल्टांना चालतोही. इथे नाही. टॉर्क रेंच वापरा. हाच नियम इतर गाड्यांमधल्या, मधून बोल्ट जाणाऱ्या चपट्या सेन्सरलाही लागू आहे. आकडा मात्र त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा.

कोड एकाच सेन्सरचा असला तरी दोन्ही सेन्सर बदलायचे आणि दोघांना जोडणारी छोटी वायरही. मजुरी मॅनिफोल्ड उतरवण्याची असते. तो एकदा उतरलेला असताना पुढचा जुना सेन्सर आत ठेवणं म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी तीच मजुरी पुन्हा मोजणं. त्याच हिशोबाने इंजिनच्या मागच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या पाठीमागे लपलेला ऑइल प्रेशरचा सेन्सरही बघून घ्यावा. तिथे हात पोचण्याची ही एकच बरी संधी.

यानंतर पाण्याचा बंदोबस्त. कपलरच्या टोकात विजेसाठीचं सिलिकॉन ग्रीस थोडंसं, नवं रबरी बूच, आणि मागच्या सेन्सरच्या खोलगट जागेभोवती इंजिनसाठीच्या सिलिकॉनचा बांध. बांध अशा बेताने घालायचा की वरून ओघळणारं पाणी खड्ड्यात न शिरता बाजूने निघून जाईल. नळीवर लिहिलेला वेळ सिलिकॉन सुकू द्यायचं. ओलं असताना मॅनिफोल्ड चढवू नये.

मॅनिफोल्डचे जुने गास्केट परत वापरायचे नाहीत. बोल्टांच्या आट्यांना लॉकिंगचा थेंब लावायचा आणि दोन फेऱ्यांत कसायचं : पहिली 5 न्यूटन-मीटरची, दुसरी 10 ची, मधल्या बोल्टांपासून सुरू करून आलटून पालटून टोकांकडे. मॅनिफोल्ड नायलॉनचा आहे. एका बाजूने पूर्ण कसून मग दुसरीकडे गेलात, तर तो वाकडा बसतो, फटीतून हवा ओढतो आणि नॉक सेन्सरचा कोड जाऊन मिश्रण पातळ असल्याचा कोड येतो. चढवण्याआधी फडकी मोजायला विसरू नका.

सगळं जोडल्यावर किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवून इंधनाचा दाब येऊ द्या आणि प्रत्येक जोड हाताने, डोळ्याने, नाकाने तपासा. ओल नसेल तरच इंजिन सुरू करा. मग कोड पुसा, गाडी तापवा, लोड देऊन चढावर न्या आणि परत स्कॅनर लावा. चालू गाडीत स्कॅनरवर ठिणगी किती अंश मागे जाते हे दिसतं. ठीक असलेल्या इंजिनात ती अधूनमधून थोडी मागे जाऊन परत येते.

चोरवाटा

इतकी उठाठेव टाळायला लोकांनी वाटा शोधल्या आहेत. फोर्ड आणि निसान यांनी मिळून ओहायो राज्यात बनवलेल्या मर्क्युरी व्हिलेजर आणि निसान क्वेस्ट या जुळ्या व्हॅनमध्येही सेन्सर मॅनिफोल्डखालीच असतो. पुष्कळ मालक जुना सेन्सर तसाच आत सोडून नवा सेन्सर वर हाताला येईल अशा एखाद्या बोल्टवर बसवतात. दिवा जातो, पण ब्लॉकपासून लांब गेलेल्या सेन्सरला नॉकिंग कमी आणि बाकीचे आवाज जास्त ऐकू येतात. कॉम्प्युटरचे सगळे हिशोब मूळ जागेला धरून केलेले असतात.

दुसरी वाट याहून वाईट : सेन्सर काढून त्याच्या जागी तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर जोडायचा. कॉम्प्युटरला सर्किट पूर्ण दिसतं, तो सावधपणा सोडतो आणि ठिणगी पुन्हा काठावर नेतो. आता मात्र त्याला ऐकवणारं कोणी नाही. नॉकिंग झालं, तरी तो थांबणार नाही. बिघडलेला सेन्सर पिकअप खातो. रेझिस्टर पिस्टन खाऊ शकतो.

आपल्या गाड्यांसाठी

आपल्याकडच्या बहुतेक चार सिलिंडरी इंजिनांत नॉक सेन्सर ब्लॉकच्या बाजूला असतो, दरीत नव्हे. तिथे पोचणं त्यामानाने सोपं आणि मजुरीही कमी. शत्रू मात्र तोच. कोकणातला पाऊस, घाटातले चिखलाचे शिंतोडे आणि सर्व्हिस सेंटरवर हौसेने मारून घेतलेला इंजिनचा प्रेशर वॉश, तिन्ही कपलरमध्ये पाणी घालतात. इंजिन धुवायचंच असेल, तर कमी दाबाने, इंजिन थंड असताना आणि सेन्सर-कपलर झाकून धुवा. ईकोसारख्या गाडीत सीट उचलून एकदा कपलर कोरडे आहेत का हे पावसाळा संपल्यावर पाहायला पाच मिनिटं लागतात.

पेट्रोलबद्दलही एक गोष्ट. आता पंपांवर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं ऑक्टेन मानकाप्रमाणे 95 आहे, आधीच्या 91 पेक्षा जास्त. म्हणजे नॉकिंगच्या बाजूने हे इंधन उजवं आहे. त्याच्या मायलेजच्या आणि रबराच्या तक्रारी वेगळ्या, त्या इथे मिसळू नयेत. तुमच्या गाडीला नॉक सेन्सरचा कोड आला, तर त्याचं खापर पेट्रोलवर फोडण्याआधी कपलर काढून त्यात पाणी आहे का ते बघा.

गॅरेजवाल्याने सेन्सर बदलायला सांगितला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. रोध मोजला का? जुना सेन्सर कशाने गेला? नवा किती टॉर्कवर कसणार? तिन्हींची उत्तरं मिळाली, तर गाडी निर्धास्त सोडा. दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर जुना सेन्सर मागून घ्या आणि स्वतः बघा. गंज असेल, तर पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय नव्या सेन्सरचे पैसे देऊ नका.

पुढच्या लेखांकात : क्रँक सेन्सर, जो गेला की गाडी सुरूच होत नाही.